जिन्यावरची बरणी

शुभदा, नर्सरीचा ट्रकवाला काल सकाळी येऊन गेला. दरवर्षीप्रमाणे त्याने मातीची पोती तुझ्या मागच्या दाराशी उतरवली आणि दरवर्षीप्रमाणे चहासाठी थांबला. चहा मी दिला. तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत तो म्हणाला, "वो मॅडम नहीं है? हर साल वो हाथ में लेके देखती है, फिर रखने को बोलती है." मी म्हटलं, "इस साल मैं देखेगी." मग तुझ्यासारखीच मूठभर माती उचलली, चोळली, नाकाशी नेली आणि मान हलवली. मला त्यातलं काडीचंही कळत नाही हे तुला माहीत आहे. त्याला माहीत नव्हतं, त्यामुळे निभावलं.

तर माती आली आहे, दिवाळी तोंडावर आली आहे, आणि किल्ला करायचा की नाही हे मात्र काल ठरलेलं नव्हतं. पोती मी मागवली नव्हती. "नेक्स्ट इयर सेम टाइम" असं तूच त्याला मागच्या वर्षी सांगून ठेवलं होतंस. तुझा अजित ऑफिसमधून आला, पोत्यांकडे बघत उभा राहिला आणि मला म्हणाला, "नीलिमा, यंदा नको. पुण्याहून आईचा फोन होता. या वर्षी घरात सण नाही." त्याचं काही चुकलं नाही. घरातलं माणूस गेलं की त्या वर्षी फराळ करायचा नाही, कंदील लावायचा नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी डबे आणून द्यायचे, ही रीत मलाही ठाऊक आहे. दोन्ही घरांच्या चकल्या मी यंदा करतेच आहे. पण किल्ल्याचं काय? तुझ्या इराला विचारलं, तर "व्हॉटएव्हर, मावशी" म्हणून तिने खोलीचं दार लावून घेतलं. पुण्याहून परत आल्यापासून पोरगी कालपर्यंत मागच्या अंगणात पाऊल टाकत नव्हती. शाळेच्या बसला जायचं तरी पुढच्या दाराने.

माझा जीव या किल्ल्यात का अडकलाय, ते सांगते. तू आर्किटेक्ट. चांगली पदवी घेतलेली, पुण्यात दोन वर्षं नोकरी केलेली. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आलीस आणि इतक्या वर्षांत तुला कुणी साधी गाडीची शेडसुद्धा बांधू दिली नाही. कतारमध्ये तू बांधलेली इमारत एकच. ती दर दिवाळीला उभी राहायची आणि तुळशीच्या लग्नानंतर पाण्याच्या पाइपने वाहून जायची. यंदा ती उभी राहिली नाही, तर तू इथे होतीस हे मी कुणाला आणि काय दाखवून सांगू? तुमच्या हॉलमधल्या फोटोला हार घातलाय. फोटो चांगला आहे, पण त्यात तू गप्प बसली आहेस, आणि तुला गप्प बसलेलं मी कधी बघितलेलं नाही.

अल खोरच्या या कॉलनीत आपण दोघी एकाच आठवड्यात राहायला आलो. नव्वदचं दशक संपत आलं होतं, रास लफानचा गॅसचा प्लँट नुकता सुरू झाला होता, आणि कंपनीची घरं इतकी नवी होती की खिडक्यांचे कागद आपण स्वतःच्या नखांनी काढले. सगळी घरं एका साच्यातली, मातकट रंगाची. दोन अंगणांच्या मधे कमरेइतकी भिंत आणि तिच्यात एक लोखंडी फाटक. ते फाटक पहिल्या महिन्यात उघडलं ते आजवर लावलेलं नाही. आता बिजागऱ्या गंजल्यात, लावायचं म्हटलं तरी लागणार नाही. नवरे पहाटे कंपनीच्या बसने जायचे. कढीपत्ता हवा असला तरी गुरुवारची वाट बघायची, मग दोह्याला अल सद्दपर्यंत जायचं. अशा ठिकाणी शेजारीण वाईट निघाली असती तर मी नाशिकला परत गेले असते. तू निघालीस.

पहिल्याच दिवाळीला मुलांनी किल्ल्याचा धोशा लावला. मी म्हटलं, रायगड करू. तू शांतपणे म्हणालीस, "मला रायगड येत नाही. मला वाल्दोर्ना येतं."

वाल्दोर्ना म्हणजे काय, हे विचारण्याचा शहाणपणा मी केला आणि माझी दुपार गेली. कतारला येण्याआधी अजितला कंपनीने इटलीतल्या एका कंत्राटदाराच्या डिझाइन ऑफिसात सहा-सात महिने पाठवलं होतं. तू बरोबर गेलीस, इरा तेव्हा ढकलगाडीत. रविवारी अजित झोपा काढायचा आणि तू मुलीला घेऊन बसने डोंगरातल्या एका मूठभर घरांच्या गावात जायचीस. त्या गावात आठ-नऊशे वर्षांपूर्वीचा ख्रिस्ती साधूंचा मठ आहे. शेवटचे साधू दोनशे वर्षांपूर्वीच गेले, कारण राज्यकर्त्यांनी मठ विकून टाकले. विकत घेणारे शेतकरी मठातच राहायला आले. तू शिंप्याच्या टेपने आणि पावलांनी तो सगळा मठ मोजलास. कुणी सांगितलं नव्हतं, पैसे मिळणार नव्हते, परीक्षा नव्हती. "मग कशाला?" असं मी विचारलं, तेव्हा तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी जेवायचं कशाला असं विचारलं होतं.

तुझी पद्धत मला पाठ आहे. आधी लाइनआउट. साइटवर चुन्याच्या फक्कीने करतात तसं तू पांढऱ्या रांगोळीने जमिनीवर आखायचीस. मधे चौक, चौकाच्या चारही बाजूंनी ओवऱ्या, चौकात विहीर. उत्तरेला चर्च, त्याचा अर्धगोल गाभारा पूर्वेला. समोरच्या बाजूला, म्हणजे दक्षिणेला, पंगतीची खोली, कारण फोडणीचा वास प्रार्थनेत जायला नको. पश्चिमेला कोठारं. पूर्वेच्या बाजूला खाली सभेची खोली आणि वर साधूंची झोपायची लांबलचक खोली. त्या खोलीतून थेट चर्चमध्ये उतरणारा एक जिना. मध्यरात्रीच्या प्रार्थनेला उठायचं, तर थंडीत बाहेर पाऊल नको. अंथरुणातून उठले की तसेच डोळे चोळत खाली देवासमोर. "यांचीपण शिफ्ट ड्यूटीच की," मी म्हटलं होतं. "गेट, स्टोअर, मेस, गेस्टहाउस, दवाखाना, भोवती भिंत. शुभदा, ही तर आपली कॉलनी झाली!" तू हातातली रांगोळी तशीच धरून खो-खो हसलीस. नंतर हे वाक्य तू प्रत्येक पाहुण्याला स्वतःचं म्हणून ऐकवायचीस, तेही मला माहीत आहे.

पण तुझी पूर्व म्हणजे खरी पूर्व! गाभारा पूर्वेलाच हवा, म्हणून तू होकायंत्र आणून मठ त्याप्रमाणे फिरवलास. झालं असं की त्याचा दर्शनी भाग आला नेमका एसीच्या कॉम्प्रेसरकडे. किल्ला बघायला येणाऱ्याने गरम वाऱ्याच्या झोतात उभं राहायचं आणि घाम पुसत कमानी बघायच्या. मी म्हटलं, थोडा फिरव ना. तू म्हणालीस, "नीलू, आठशे वर्षांत कुणी फिरवला नाही, मी फिरवू?" सगळी कॉलनी त्या कॉम्प्रेसरपुढे दरवर्षी भाजून निघाली, पण पूर्व हलली नाही.

रुबीनाआपा, पलीकडच्या गल्लीतल्या, रत्नागिरीच्या, पहिल्या वर्षी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "काय गो शुभदा, यो किल्ला कसला? तोफ नाय, बुरूज नाय. निसत्या कमानीच कमानी." मग तुला काळजी पडली ती चौकातल्या हिरवळीची. आपल्याकडे किल्ल्यावर अळीव पेरतात, ते इथे कुठून आणायचे? आपा म्हणाल्या, "अळीव? यांच्या सूकमधी पोत्यांनी मिलतात. हब्ब रशाद म्हनायचा. हितल्या बायका बालंतनीला देतात, आपल्यासारकाच." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीभर आणून दिले. मातीसुद्धा विकतची. इथली वाळू खारट, म्हणून बागेच्या मातीला सगळे स्वीट सॉइल म्हणतात. माझ्या रोहनने ती खाऊन बघितली होती. त्या गोड मातीत आखाती अळीव असे तरारले की साधूंचा चौक चार दिवसांत हिरवागार झाला. तू उकिडवी बसून बराच वेळ त्याकडे बघत होतीस. मी चहा घेऊन आले तेव्हा तुझे डोळे भरलेले होते, आणि मी मुद्दाम चहात साखर कमी आहे का असं विचारलं.

मग महाराजांचा प्रश्न आला. मुलांकडे मावळे होते, गवळण होती, वाघ होता, आणि सिंहासनावर बसलेले महाराज. ते कुठे ठेवायचे? रोहन म्हणाला, सगळ्यात वर, घंटेच्या मनोऱ्यावर. तू म्हणालीस, "मठात राजाला सिंहासन नसतं रे. पण पाहुणा म्हणून कुणीही आला तरी त्याला देवासारखा मान द्यायचा, असा त्यांचा नियम असतो. महाराज पाहुणे म्हणून आलेत. ते वेशीजवळच्या अतिथीगृहात उतरतील." मी भडकले. महाराज आणि गेस्टहाउसमध्ये? तू म्हणालीस, "अगं, तिथे गादी सगळ्यात चांगली असते." एका वर्षी अजितचा इटालियन सहकारी किल्ला बघायला आला. बिचारा कॉम्प्रेसरपुढे लाल होईपर्यंत उभा राहिला, चौक ओळखला, ओवऱ्या ओळखल्या, आणि महाराजांकडे बोट दाखवून अदबीने म्हणाला, हे कोणते संत? तू म्हणालीस, आमचे राजे आहेत, आज मुक्कामाला आहेत. त्याने मान झुकवून नमस्कार केला. तरीही माझं म्हणणं आजही तेच आहे. महाराजांना आत घ्यायला हवं होतं.

आपला खरा वाद मात्र त्या जिन्याचा. सगळ्या मठात तू न बघितलेली जागा ती एकच. चर्चमधून बघितलं तर उजव्या हाताच्या भिंतीवर, वर, दाराच्या आकाराचा गिलावा दिसतो आणि खाली पायऱ्यांचे तुटलेले ठसे, असं तू सांगायचीस. दाराच्या पलीकडे लोक राहतात आणि तू तिथे होतीस तेव्हा ते घर कुलूपबंद होतं. म्हणून किल्ल्यातला जिना तू अंदाजाने करायचीस, अख्खा, वरपासून खालपर्यंत. मी म्हणायचे, "आता तिथे भिंत आहे ना? मग भिंत घाल. आहे तसं कर." तू म्हणायचीस, "आहे तसं नाही, होतं तसं." मी म्हणायचे, "तुझ्या होत्यात कुणी राहत नाही. आहे त्यात माणसं राहतात, त्यांचे कपडे वाळत असतात, पंगतीच्या खोलीत ट्रॅक्टर उभा असतो." "ट्रॅक्टर मी करणार नाही," तू म्हणायचीस. रोहनने एका वर्षी गुपचूप खेळण्यातला ट्रॅक्टर ठेवला होता. तू तो काढला नाहीस, पण त्याच्यावर ओलं फडकं टाकून ठेवलंस.

आणि मग तू मला तिथे घेऊन गेलीस. मुलं आठ-नऊ वर्षांची होती. रोहनला त्याच्या बाबांबरोबर नाशिकला पाठवलं आणि तू, मी, इरा, तिघी इटलीला. माझी सासू सगळ्यांना सांगत होती, हिला म्हणे नाशिकला यायला इटलीवरून रस्ता आहे. तू पिशवीत लिंबाच्या गोड लोणच्याची काचेची बरणी घेतली होतीस, लाल झाकणाची, तिकडच्या कोरड्या पावाबरोबर खायला. विमानतळावर मी त्यावरून तुझी किती टिंगल केली आणि पहिल्याच दिवशी अर्धी बरणी मीच संपवली.

वाल्दोर्नाची बस वळण घेते आणि घंटेचा मनोरा दिसतो, तिथे तू माझा हात धरलास. मी तो मठ इतक्या वेळा बघितला होता, गुडघ्याएवढा, स्वीट सॉइलचा, की तो माझ्या डोक्यावरून वर गेला तेव्हा मला हसूच आलं. ओवऱ्यांतले बारके जोडखांब तसेच होते. प्रत्येक खांबाचं डोकं वेगळं. एकावर वेल, एकावर मासा, एक खांब तर दोरीला मारतात तशी मधेच गाठ मारलेला, दगडाचा! तू हे मला मातीत कधी दाखवू शकली नव्हतीस. चौकात विहीर होती, विहिरीच्या कट्ट्यावर कुणाची तरी सायकल टेकवलेली होती. दोरीवर चादरी वाळत होत्या. आणि पंगतीच्या खोलीत, शुभदा, खरोखर ट्रॅक्टर होता. मी फक्त तुझ्याकडे बघितलं.

वरच्या घराचं दार या वेळी उघडं होतं. अस्सुंता नावाची आजीबाई, पायात कापडी सपाता, शेंगा सोलत बसलेली. तू तुझ्या मोडक्या इटालियनमध्ये तिला जिन्याचं विचारलंस. तिला आधी कळेना. तू जमिनीवर बोटाने आखून दाखवलंस: इथे चर्च, इथे तुम्ही, मधे पायऱ्या. मग तिचा चेहरा उजळला. ती उठली, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या कपाटाचं दार तिने उघडलं, आणि आत तुझा जिना होता. वरच्या पायऱ्या जशाच्या तशा, मधोमध झिजून खोलगट झालेल्या, खाली अंधारात भिंतीपर्यंत गेलेल्या. आणि प्रत्येक पायरीवर ओळीने टोमॅटोच्या बरण्या. ती जागा थंड असते म्हणून तिच्या सासूच्या सासूपासून त्या घरातल्या बायका जिन्यावरच बरण्या ठेवत आल्या होत्या.

तू पायरीला हात लावलास आणि तिथेच खाली बसलीस. रडत होतीस की हसत होतीस, मला समजेना. अस्सुंताबाई घाबरून पाणी आणायला धावली. मी मात्र, माझा स्वभाव तो असाच, म्हणाले, "बघ. मांडणी केली की नाही बायकांनी?" तू नाक पुसत म्हणालीस, "नीलू, अंदाज बरोबर होता गं. वळण अगदी असंच काढलं होतं मी."

निघताना तिने आपल्याला टोमॅटोची एक बरणी दिली. रिकाम्या हाताने घ्यायची कशी, म्हणून तू पिशवीतून लोणच्याची बरणी काढलीस, उरलेली अर्धी. तिने एक फोड चाखली, डोळे मिटले, थरथरली, आणि हे कशाशी खायचं असं विचारलं. मग टोमॅटो सरकवून तिने तिसऱ्या पायरीवर जागा केली. तू स्वतःच्या हाताने बरणी तिथे ठेवलीस. इरा तुझ्या काखेखालून डोकावून बघत होती.

परतीच्या बसमध्ये तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "मीपण तसलाच जिना झालेय ना? उतरायला कुणी नाही, म्हणून बरण्या ठेवल्यात." एवढ्या वर्षांत तू व्हिसाबद्दल, राहून गेलेल्या कामाबद्दल एवढंच बोललीस. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी भांडते, हे तू जाणतेस. म्हटलं, "त्या पायऱ्यांमुळे तीन पिढ्यांचे टोमॅटो टिकले. बंद राहिल्या असत्या तर उंदीर झाले असते." तू हसलीस. किती बरं वाटलं तुला ते मला सांगता येणार नाही, पण त्या हिवाळ्यापासून तू दर शुक्रवारी कॉलनीतल्या मुलांना स्वयंपाकघराच्या टेबलावर चित्रकला शिकवायला लागलीस. शिकवायचीस कसली, बघायला लावायचीस. माझा रोहन अजूनही कुठल्याही मॉलमध्ये शिरला की मान वर करून आधी छत बघतो. मीही बघते. तू भेटण्याआधी मी तीस वर्षं दारांतून आत-बाहेर करत होते आणि एकही चौकट मला आठवत नव्हती. आता आठवते. याबद्दल तुला कधी थँक्यू म्हटलं नाही. आपल्यात ते म्हणत नाहीत, म्हटलं असतं तर तू "शुक्रन शुक्रन" म्हणून माझी नक्कल केली असतीस.

वाद मात्र मिटला नाही. त्या दिवाळीला मी म्हटलं, आता तरी जिन्यावर बरण्या ठेव, डोळ्यांनी बघून आलीस. तू म्हणालीस, "हा किल्ला साधूंच्या वेळचा आहे. तेव्हा बरण्या नव्हत्या." मी म्हटलं, "मग महाराज कसे काय आले तेव्हा?" यावर तू मला चिखलाचा गोळा फेकून मारलास. पुढे दर दिवाळीला तेच संवाद, त्याच क्रमाने, रामलीलेसारखे. मागच्या वर्षी मी पुन्हा विषय काढला, तेव्हा तू जिन्याला शेवटचा हात फिरवत होतीस. थकलेली दिसत होतीस, आपल्याला तुझ्या दुखण्याचं अजून काही माहीत नव्हतं. म्हणालीस, "पुढच्या वर्षी बघू."

मार्चमध्ये तू पुण्याला उपचारांना गेलीस. फोनवर आपण दुखण्याचं बोललो नाही, हे बरं केलं. तू विचारायचीस, फाटकाजवळची तुळस कशी आहे, कॉम्प्रेसरचा आवाज थांबला का. शेवटच्या फोनमध्ये तुझा आवाज फार बारीक होता. मी म्हटलं, "लवकर ये, महाराजांचा निकाल लावायचाय." तू म्हणालीस, "ते पाहुणे आहेत गं." एवढंच. मला पोचता आलं नाही. पण तुझं शेवटचं वाक्य माझ्याशी वाद घालणारं होतं, याचं मला फार समाधान आहे. दुसऱ्या कुणाच्या वाट्याला ते आलं असतं तर मला राग आला असता.

आता कालचं पुढचं ऐक. पोती बघून बघून मला राहवेना. संध्याकाळी मी सरळ पुण्याला फोन लावला, तुझ्या सासूबाईंना. म्हटलं, काकू, एक विचारायचं होतं, रागावू नका. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, मी कंदील नको म्हटलं, पणत्या नको म्हटलं. किल्ला नको असं कुठे म्हटलं? अजितला अर्धंच ऐकायची सवय आहे लहानपणापासून." मग त्यांनीच विचारलं, "तिचा तो मठच करणार ना? जिना नीट करा हो. दर दिवाळीला मला फोनवर त्या जिन्याची कथा. मी म्हणायची, शुभदा, एकदा खाली उतर त्यावरून आणि मला सांग, चिवडा केलास का. करा, नीलिमा. तिचं घर आहे ते."

फोन ठेवला तेव्हा मी तुझ्या खुर्चीत बसून ढसाढसा रडले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. आणि रडून झाल्यावर मला चक्क भूक लागली.

अजितला सांगितलं. तो आत गेला आणि शिंप्याचा टेप घेऊन आला. आज शुक्रवार, सकाळपासून आम्ही कामाला लागलो. टेपचं एक टोक त्याने धरलं, एक मी. होकायंत्र लावलं. दर्शनी भाग पुन्हा कॉम्प्रेसरकडेच आला आणि मी तो फिरवला नाही. तुझी रांगोळी सरळ पडायची, माझी थोडी नागमोडी पडली, त्यामुळे पंगतीची खोली एका बाजूला फुगली आहे. ट्रॅक्टर आरामात मावेल. रुबीनाआपा अळीव घेऊन आल्या, पेरता पेरता डोळे पुसत म्हणाल्या, "मातीत हात घातला की बरा वाटतं गो." दुपारपर्यंत चर्च उभं राहिलं. ओवऱ्यांच्या कमानींसाठी तू कापून ठेवलेले पाइपचे तुकडे गॅरेजमध्ये होते, ते वापरले. गाठ मारलेला खांब मी करून बघितला. तो चकलीसारखा झालाय, हसू नकोस.

मग राहिला जिना. मी ठरवलं होतं, तुझ्या मनासारखा करायचा, अख्खा, मोकळा, एकही बरणी नाही. भांडायला समोर कुणी नसताना जिंकण्यात मला काय रस? पायऱ्या थापटल्या, वळण तुझ्यासारखं काढलं. मधोमध बोटाने थोडं दाबून खोलगट केलं, साधूंच्या पावलांनी झिजलं तसं.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. इरा उंबऱ्यात उभी होती. अनवाणी, पायजम्यात. ती किती वेळ खिडकीतून बघत होती कोण जाणे. ती उतरली, कॉम्प्रेसरपुढे जाऊन उकिडवी बसली, हुबेहूब तू बसायचीस तशी, आणि जिन्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नो, मावशी. सम्थिंग इज मिसिंग." आणि उठून आत गेली.

मला वाटलं, गेली पुन्हा. पण ती परत आली. तिच्या भातुकलीतली चिनीमातीची बरणी तिच्या मुठीत होती, करंगळीच्या पेराएवढी. तिने वरून पायऱ्या मोजल्या आणि तिसऱ्या पायरीवर, ओल्या मातीत, ती अलगद बसवली.

मी म्हटलं, "अगं, आईने कधी बरणी ठेवली नाही किल्ल्यात. तिला चालायचं नाही."

इराने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज तुझा, वाद घालायच्या तयारीतला. "बट इट इज देअर, मावशी. रिअल मठात. आईनेच ठेवली ना? आय सॉ हर."

तर शुभदा, जिन्यावर यंदा बरणी आहे. मी ठेवलेली नाही, तूच ठेवलेली आहेस, आणि त्याला साक्षीदार आहे. इरा अजून बाहेरच बसली आहे, मावळ्यांच्या पायांची माती पुसत. पणत्या लावणार नाही. अळीव चार दिवसांत वर येतील. महाराज गेस्टहाउसमध्येच आहेत, पण त्यांच्याबद्दल माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. बरणीने जिन्यातली वाट थोडी अडली आहे खरी. तरी साधूंना एका बाजूने उतरता येतं. मी बोट घालून बघितलं.